नमुन्याची निवडणूक

६ मार्च २००६

प्रिय महरूसदादा,

खूप दिवसांनी लिहिते आहे, रागावू नकोस. निदान व्याकरणाच्या चुका तरी काढू नकोस. तुझ्या वर्गातून सुटून मला वीस वर्षं झाली.

बातमी आनंदाची आहे. आमच्या संस्थेचं लोकशाही प्रशिक्षण गेल्या महिन्यात आपल्या कफ्र खश्शाबला झालं, हे तुला कळलं असेलच. गावाचं नाव मीच सुचवलं होतं. चाळीस गावांत आम्ही हा कार्यक्रम घेतला, पण आमचा प्रशिक्षक कोलिन म्हणतो, तुमच्या सुतारांसारखा प्रतिसाद कुठेच मिळाला नाही. इतर ठिकाणी लोक जेवणाच्या वेळेला येतात आणि जेवून जातात. आपल्याकडे जेवण झाल्यावरही थांबले, वाद घातले, रांग लावून मतं टाकली. अहवालात ‘अभूतपूर्व सहभाग’ असे शब्द पडले आहेत. आमच्या संचालिका हार्टलीबाई, त्यांनी ते अधोरेखित केले.

अहवालासोबत फोटो आहे. मधोमध आपला लुत्फी, हात वर करून हसतोय. खाली लिहिलंय, ‘नमुना निवडणुकीचा विजेता’. तो तुझा धाकटा भाऊ असेल, पण मला मात्र अजून शाळेच्या बाकावर पटाशीने मासे कोरणारा माझ्या वर्गातला मुलगाच दिसतो. फोटो मी टेबलासमोर लावलाय.

अभिनंदनाला फोन करतेय तर कोणी उचलत नाही. लुत्फीची बायको समाह, तीही नाही. फोन बिघडलाय का?

तुझी निहाल


२१ मार्च

निहाल,

सलाम आणि आशीर्वाद, दोन्ही घे. पाकीट एकच असल्यामुळे खर्च वाढत नाही.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. आमचं टपाल वाटेत एक गृहस्थ वाचतात आणि त्यांचे डोळे अधू झालेत असं ऐकतो. त्यांना त्रास नको. समाहचा भाऊ सोफासेट घेऊन तिकडच्या प्रदर्शनाला येतोय, त्याच्या हाती देतो.

फोन बिघडलेला नाही. लुत्फी तुरुंगात आहे. कारण तुमचा तो अभूतपूर्व सहभाग.

क्रमाने सांगतो. आमच्या कोरीवकाम करणाऱ्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष हाजी रिफअत, एकोणीस वर्षं. बंदरावर परदेशी लाकूड उतरतं, ते सवलतीत सोसायटीतून मिळतं, आणि आधी कोणाला व नंतर कोणाला हे हाजी ठरवतात. दर चार वर्षांनी निवडणूक होते. प्रांतसाहेबांचा चिटणीस हाजींच्या शेजारी बसतो आणि विचारतो, ‘आणखी कोणी इच्छुक?’ त्याच्या हातात पेन असतं. कोणी इच्छुक नसतं.

तुझ्या कोलिनने लग्नाच्या हॉलमध्ये सर्वांना सांगितलं, ‘आज आपण नमुना म्हणून तुमच्या सोसायटीची निवडणूक घेऊ.’ दुभाष्याने भाषांतर चोख केलं. दोष त्याचा नाही, आमच्या धंद्यातल्या रिवाजाचा आहे. गाव सोडलंस तरी तू तो विसरली नसशील. गिऱ्हाईक येतं, एक खुर्ची नमुन्यादाखल करायला सांगतं. खुर्ची होते. तो बैठकीखालून अंगठा फिरवतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि दुकानातला चहा पितो. इथे व्यवहार पक्का झाला. त्यानंतर त्याला उरलेल्या अकरा खुर्च्यांना नाही म्हणता येत नाही आणि सुताराला दर वाढवता येत नाही. कागद नाही, साक्षीदार नाही, फक्त चहा.

मतमोजणी झाली. हाजींना चौदा, लुत्फीला एकसष्ट. कोलिनने फळ्यावरचे आकडे पाहिले, ‘उत्तम, फार उत्तम’ म्हणाला आणि शिहाताकाकांनी दिलेला चहा प्यायला. दोन पेले प्यायला, असं सगळे शपथेवर सांगतात.

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी लुत्फी सोसायटीत जाऊन बसला. हाजींची खुर्ची त्याने भिंतीला लावून ठेवली आणि घरून आपलं स्टूल नेलं. बाहेरच्या भिंतीवर खडूने लिहिलं, लाकडाची पाळी कोणाची आणि त्यानंतर कोणाची. त्या दिवशी वाटपात भांडण झालं नाही. संशय त्यामुळेच आला असावा.

तिसऱ्या दिवशी गाड्या आल्या. काळ्या, नव्या, चिलखती, खिडक्यांना जाळ्या. दारावर तुझ्या यजमान देशाचा झेंडा आणि त्याखाली ‘जनतेकडून जनतेला भेट’. हाच झेंडा आणि हीच ओळ हॉलमधल्या तुमच्या फलकावर होती. शिहाताकाकांना वाटलं, प्रशिक्षणवाले पुन्हा आले. कोलिन जाताना ‘पाठपुराव्याला येऊ’ म्हणाला होता ना. काकांनी शिपायांना बसवलं, चहा पाजला. ‘लुत्फी? फार हुशार पोरगा. तिसरी गल्ली, निळं दार. थांबा, तुम्हाला सापडायचं नाही.’ आणि पुढच्या गाडीत बसून स्वतः दाखवायला गेले.

काका आता कोणाशी बोलत नाहीत. मशिदीत शेवटच्या रांगेत बसतात.

आरोप असा की, परकीय मदतीने शासनसंस्था उलथवण्याचा कट. शासनसंस्था म्हणजे हाजी रिफअत. हे ऐकून त्यांनाही संकोच वाटला म्हणतात. पुरावा म्हणून तुम्ही विजेत्याला दिलेलं प्रमाणपत्र जोडलंय. दर पंधरवड्याला कोठडीची मुदत वाढते. भुशामुळे लुत्फीला खोकला होताच, तिथल्या भिंती ओल्या आहेत.

समाहचा निरोप जसाच्या तसा देतो: ‘निहालला लिहा, तिच्या देशाने दिलेली गाडी तिच्या देशाने परत न्यावी, पण आधी आतला माणूस उतरवून.’

महरूस


९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. वर जाऊन फोटो उतरवला.

तशीच हार्टलीबाईंकडे गेले. बाई वाईट नाहीत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, डोळे पुसायला कागद दिला. मग आमची पद्धत समजावली, जी नव्या लोकांना मीच समजावते. आमच्याकडे ‘चिंता’, ‘गंभीर चिंता’ आणि ‘तीव्र चिंता’ अशा तीन पायऱ्या आहेत. पहिली आम्हाला आमच्या अधिकारात व्यक्त करता येते, पण तिचा परिणाम होत नाही असा अनुभव आहे. पुढच्या दोन्हींना पाचव्या मजल्याची संमती लागते. लोकशाही तिसऱ्या मजल्यावर आहे, संरक्षण-साहाय्य पाचव्यावर. लिफ्ट एकच, खानावळही एकच. दहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर सूप पितेय. गाड्या तिथून जातात हे मला माहीत होतं. म्हणजे, तो त्यांचा विभाग आहे हे माहीत होतं.

पाचवा मजला म्हणतो, पुढची खेप लवकरच जायची आहे, तोवर कोणतीही चिंता नको.

मग मीच डोकं चालवलं. संस्थेच्या कागदावर प्रांतसाहेबांना लिहिलं की, ती निवडणूक केवळ प्रशिक्षणाचा भाग होती, तिला काही अर्थ नाही, विजेत्याला कसलाही अधिकार मिळत नाही. सही, शिक्का. लुत्फी खेळत होता एवढं सिद्ध झालं की गुन्हाच उरत नाही. दादा, या वेळी मी काहीतरी बरोबर केलंय असं वाटतंय.

निहाल


३० एप्रिल

निहाल,

समाहच्या भावाचा सोफा तिकडे खपला, त्यामुळे त्याची ये-जा वाढली आहे. आपल्या पत्रव्यवहाराचं तेवढं भाग्य.

तुझं पत्र प्रांतसाहेबांना पोचलं. कोणाला एखादं पत्र इतकं आवडलेलं मी पाहिलेलं नाही. चिटणिसाने सोसायटीची सभा बोलावून ते दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा सावकाश. लोकशाहीवाल्यांनीच लेखी दिलं की निवडणुकीला काही अर्थ नाही. हाजी आपल्या खुर्चीवर परत बसले. सुतारांनी ऐकून घेतलं. टाळ्या वाजवा म्हटल्यावर वाजवल्या.

तुझा तर्क मात्र निर्दोष होता. साहेबांनी तुझ्या मजकुराखाली एक ओळ टाइप करवली: ‘मी खेळत होतो.’ त्याखाली लुत्फीने सही करायची आणि घरी जायचं. कागद देऊन मला आणि समाहला भेटीला पाठवलं. समाहने चीज, भाकरी आणि गोडाला मुशब्बक नेला होता. तपासणीत मुशब्बक तपासनिसांना फार गोड लागला, उरलेला आम्ही आत नेला.

लुत्फीने कागद नीट वाचला. म्हणाला, ‘निहालची सही अजून शाळेतल्यासारखीच आहे.’

‘तू तुझी कर,’ समाह म्हणाली.

‘कागद चांगला वापरतात.’

‘लुत्फी, कागदाची तारीफ ऐकायला मी दोन बस बदलून आलेले नाही.’

‘मतं टाकली त्या दिवशी बाजारात किती दुकानं उघडी होती, सांग.’

‘मला काय विचारतोस? आपलं तर बंदच होतं. तनतामधलं गिऱ्हाईक परत गेलं.’

‘सगळी बंद होती. मनसूरकडे लग्नाच्या फर्निचरचं काम अडलेलं, तरी आला. खेळायला आला होता? मी एकट्याने खाली सही केली की ती सगळ्यांच्या वतीने होते.’

‘बरं. मग मी दारोदार जाते आणि त्यांनाच विचारते, बाबांनो, माझ्या नवऱ्याला घरी येऊ देता का.’

‘विचार की,’ तो म्हणाला, आणि त्याला खोकला आला. बराच वेळ थांबला नाही. पहारेकरी दुसरीकडे बघत राहिला. माणूस बरा असावा.

‘भाऊजी, तुम्ही तरी सांगा काहीतरी,’ समाह मला म्हणाली. ‘वर्गात एवढं बोलता.’

मी लुत्फीला म्हटलं, ‘भाकरी खा.’

सही झाली नाही. परतीच्या बसमध्ये समाहने विचारलं, ‘तुमच्या घराण्यात सगळेच असे, की मलाच नेमका मिळाला?’ मी म्हटलं, आई सांगायची की मी याहून वाईट होतो. ती हसली नाही.

खोकताना तो रुमाल मुठीत धरतो. त्यावर रक्त असतं. समाहला ते दिसलं नाही, असं ती मला भासवते आणि मी तिला.

निहाल, चिंतेच्या पायऱ्या राहू देत. ज्या मजल्यावरून गाड्या येतात तिथे जा. देणाऱ्याचा शब्द घेणारा ऐकतो, इतपत राजनीतिशास्त्र व्याकरणाच्या मास्तरालाही कळतं.

महरूस


२० मे

दादा,

गेले. पाचव्या मजल्यावरचा गालिचा आमच्यापेक्षा जाड आहे.

ब्रॅडॉक म्हणून गृहस्थ आहेत. टेबलावर चिलखती गाडीची लहानशी प्रतिकृती, चाकं फिरणारी. त्यांनी शांतपणे ऐकलं, लुत्फीचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं. ‘सुतार ना? बघू या,’ म्हणाले आणि माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडे कोणी जनरल. आधी जनरलांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी झाली, मग सुटे भाग उशिरा पोचल्याबद्दल दिलगिरी, आणि फोन ठेवता ठेवता, ‘हो, एक लहानशी गोष्ट होती.’ माझी कॉफी गार व्हायच्या आत काम झालं.

मी विचारलं, ‘हे इतकं सोपं होतं?’

ते म्हणाले, ‘तुमच्या मजल्यावरून कोणी कधी येतच नाही. तुम्ही पत्रकं काढता.’ टोमणा नव्हता. त्यांना खरंच नवल वाटत होतं.

इथे पत्र संपवणार होते. पण तू विचारशील, फुकट झालं का. फुकट नाही झालं. इथे नियम आहे की, ज्या देशाला गाड्या द्यायच्या तिथे लोकशाहीची प्रगती समाधानकारक आहे, असं तिसऱ्या मजल्याने लिहून द्यावं लागतं. खेप त्या एका वाक्यासाठी अडली होती. बाई चालढकल करत होत्या. ब्रॅडॉक म्हणाले, ‘तुमचं एक काम मी केलं.’ पुढचं बोलले नाहीत. वाक्य मी लिहिलं. आधार म्हणून कफ्र खश्शाबचा अभूतपूर्व सहभाग जोडला. बाईंनी खिडकीबाहेर बघत सही केली.

हे लुत्फीला सांगू नकोस. किंवा सांग. मला ठरवता येत नाही.

निहाल


२ जुलै

निहाल,

लुत्फी घरी आला. सही न मागता त्याला पुलाजवळ उतरवून गेले. छातीचं औषध सुरू आहे, सिगारेट बंद आहे आणि समाह पुन्हा बोलू लागली आहे. तिन्हींचा गुण येतोय.

तुझ्या वाक्याबद्दल मी त्याला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. खेप येऊन पोचली आहे, नदीकाठी गाड्या ओळीने उभ्या आहेत. त्याने पटाशीला धार लावली. मग म्हणाला, ‘तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं?’

मी म्हटलं, ‘तू तिच्या जागी नव्हतास. तू आत होतास.’

‘म्हणूनच विचारतोय.’

याहून मोठा निवाडा या घरात झालेला नाही, आणि तूही मागू नकोस.

आता दुसरी गोष्ट. ही मात्र तुझ्या कुठल्याही अहवालात जाता कामा नये. सोसायटीच्या खुर्चीवर हाजी आहेत. शिक्का त्यांच्याकडे, चिटणीस त्यांच्या शेजारी. परंतु बंदरावर लाकूड उतरलं की सुतार आधी आमच्या गल्लीतून जातात. कोणी तब्येत विचारायला, कोणी हत्यार मागायला.

‘काय रे लुत्फी, या खेपेला मनसूर का बद्र?’

‘मनसूर. बद्रला मागच्या वेळी मिळालंय.’

‘बद्र कुरकुरेल.’

‘कुरकुरू दे. त्याला ठाऊक आहे.’

‘बरं. खोकला कसा आहे?’

झालं. हाच क्रम पुढे कोणीतरी हाजींच्या कानावर घालतं आणि हाजी तो मोठ्या आवाजात ठरवतात. परवा तर त्यांचा जावईच आला, दारातच घुटमळत. म्हणाला, ‘सासरे विचारतात, पुढच्या आठवड्याचं कसं करायचं.’ समाह आतून ओरडली, ‘त्याला चहा देऊ का, की त्यालाही सासऱ्यांना विचारावं लागेल?’ चहा दिला. प्यायला.

शिहाताकाका आता आमच्या ओट्यावर बसतात. अनोळखी माणसाने लुत्फीचं घर विचारलं तर सांगतात, अशा नावाचा माणूस या गावात कधी नव्हताच.

ती निवडणूक रद्द झाली हे सगळे मान्य करतात. फक्त वागतात तिच्याप्रमाणे.

महरूस


१४ ऑगस्ट

दादा,

वार्षिक अहवाल झाला. कार्यक्रम पुढे चालू ठेवायला एक यशोगाथा हवी होती. बाई म्हणाल्या, ‘एक तरी गाव, निहाल. चाळिसांतल्या एका गावात काहीतरी बदललं असेल ना?’ तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

मी लिहिलं: कफ्र खश्शाब, कोणताही परिणाम आढळला नाही. उरलेल्या गावांबद्दलही तेच लिहिलं. तिथे ते खरं होतं.

सप्टेंबरअखेर आमचा विभाग बंद होतोय. निधी पाचव्या मजल्याकडे गेला. ब्रॅडॉकनी मला वर नोकरी देऊ केली आहे, पगार दीडपट. म्हणाले, तुम्हाला वाक्यं लिहिता येतात. लवकर कळवायचंय.

काय करू?

निहाल


२९ ऑगस्ट

निहाल,

दीडपट पगाराचं वाचून समाहने विचारलं, ‘वरचा अर्धा इकडे पाठवेल का?’ ही संमती नसून चेष्टा आहे. लेखी जात असल्यामुळे खुलासा करतो.

तुझं पत्र लुत्फीला वाचून दाखवलं. ‘कोणताही परिणाम आढळला नाही’ हे त्याने मला परत वाचायला लावलं. म्हणाला, ‘हे बेस लिहिलंय. कुठे फट नाही.’ तुझ्या लिखाणाची त्याने केलेली ही पहिली स्तुती. माझ्या लिखाणाची अजून व्हायची आहे.

काय करू म्हणून विचारतेस. मी तुला काही सांगणार नाही. तुला सांगून काही झालं असतं तर तू बारावीनंतर दुमियातला शिक्षिका झाली असतीस. इकडची हकीकत मात्र कळवतो, तुझ्या विचाराला उपयोगी पडली तर बघ.

लुत्फीच्या मनात नवीनच आलंय. म्हणतो, ‘एकदा निवडला म्हणून मी काय हाजींसारखा बसून राहू? लोकांना पुन्हा विचारायला हवं.’ मी म्हटलं, ‘आत्ताच सुटलास.’ म्हणाला, ‘मग कधी विचारू, परत आत गेल्यावर?’ समाह त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं की, गाद्या-अस्तरं शिवणाऱ्या बायकाही याच धंद्यात आहेत, त्यांची मतं धरणार की नाही. म्हणजे तीही वाया गेली.

ऑक्टोबरमध्ये मनसूरच्या मुलीचं लग्न आहे. त्याच हॉलमध्ये. सगळं गाव जमणार, आणि लग्नात का जमलात असं अजून तरी कोणी विचारत नाही. जेवणं झाली की दारं लावून मतं घ्यायची. लुत्फी उभा आहे, बद्र आहे, आणि हाजींचा जावईही आहे. सासऱ्यांना सांगितलंय की नाही ते तो सांगत नाही. मोजायला असं माणूस हवं जे कोणाच्या गल्लीतलं नाही, कोणाचं लाकूड घेत नाही. सगळ्यांनी तुझं नाव घेतलं. मी म्हटलं, ती दहा वर्षं हे शिकवतेय खरी, पण ज्यावर काही अवलंबून आहे अशी मतं तिने कधी मोजलीत की नाही, मला माहीत नाही. लुत्फी म्हणाला, ‘येऊ दे. शिकेल.’

पगार नाही. जेवण लग्नाचं. धोका आहे, आणि तो नदीकाठी ओळीने उभा आहे. तुला तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. वरच्या मजल्यावर गेलीस तरी निळं दार तुला उघडंच राहील, एवढं लुत्फीने आवर्जून लिहायला सांगितलंय.

आलीस तर सामान बेताचं आण. मतपेटी तर मुळीच आणू नकोस. या गावात सुतारांची वानवा नाही.

महरूस